प्रश्नोत्तरे : ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे

लिनक्स संगणकावरील रोजच्या कामांसाठी लहान स्क्रिप्ट कशा लिहाव्यात, हा मागील अंकातील विषय होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : लिहिलेली स्क्रिप्ट कोणी समोर न बसता ठरावीक वेळी आपोआप कशी चालवावी, आणि ती चालली नाही तर शोध कोठून सुरू करावा. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे ‘क्रॉन’ या व्यवस्थेला दिले आहे.

ज्यांनी ती वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख करून देतो. क्रॉन हा पार्श्वभूमीवर सतत चालू राहणारा कार्यक्रम असून तो दर मिनिटाला जागा होतो, वेळापत्रकातील ओळी पाहतो, ज्या ओळीतील वेळ त्या मिनिटाशी जुळते ती आज्ञा सुरू करून देतो आणि पुन्हा पुढच्या मिनिटाची वाट पाहतो. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीतही हे काम याच रीतीने चालत असे. आज अनेक लिनक्स संगणकांवर जो क्रॉन आढळतो, त्याचे मूळ पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीत आहे. वेळापत्रकाला क्रॉनटॅब म्हणतात. त्यातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने व त्यांच्यापुढे आज्ञा असते. रकान्यात तारा असेल तर ‘कोणतेही चालेल’ असा अर्थ होतो. ‘३० २ * * *’ म्हणजे रोज मध्यरात्रीनंतर अडीच वाजता. या सदरात अंक आणि आज्ञांची नावे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच टाइप करावी लागतात.

क्रॉनला दिसते ते फक्त घड्याळ. आपण कोणत्या खात्यात काय सोय करून ठेवली आहे, मघाशी वीज गेली होती का, आधीचे काम संपले का, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते, आणि पुढील बहुतेक अडचणी तेथूनच निघालेल्या आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आहेत. रोज रात्री त्यांची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी स्क्रिप्ट मी लिहिली आहे. टर्मिनलवर चालवली की ती व्यवस्थित चालते. क्रॉनटॅबमध्ये घातली की काहीच होत नाही आणि काय चुकले हेही कळत नाही. — ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : क्रॉनविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असावा, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये नसते, तर ती ज्या परिस्थितीत चालते तिच्यात असते. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा कार्यक्रम, आपल्या खात्यातील मांडणीच्या फायली वाचतो आणि त्यातून कार्यक्रम कोठे शोधायचे, कोणती भाषा वापरायची, कोणते संकेतशब्द कोठून घ्यायचे अशा अनेक गोष्टी ठरतात. क्रॉन त्या फायली वाचत नाही. तो आज्ञा साध्या ‘एसएच’ शेलकडे सोपवतो. कार्यक्रम शोधण्याच्या जागांची यादी, म्हणजे ‘पाथ’, डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर त्या वेळी फक्त ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढीच असते. तुमचा डेटाबेसचा कार्यक्रम ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये किंवा पायथनच्या वेगळ्या परिसरात बसवलेला असेल, तर टर्मिनलवर सापडणारा तोच कार्यक्रम रात्री अडीच वाजता सापडत नाही.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही परिस्थिती प्रत्यक्ष पाहावी. क्रॉनटॅबमध्ये पाच ताऱ्यांची एक तात्पुरती ओळ घाला आणि तिच्यापुढे त्या क्षणीची मांडणी दाखवणारी ‘एन्व्ह’ ही आज्ञा लिहून तिचे उत्पादन, म्हणजे ती जे छापते ते, एका फाइलमध्ये वळवा. मिनिटभराने ती फाइल उघडा, तीच आज्ञा टर्मिनलवर चालवून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवा. टर्मिनलवरील यादी अनेक ओळींची आणि क्रॉनची मोजक्या ओळींची दिसेल. तुमच्या स्क्रिप्टला जे हवे होते आणि मिळाले नाही, ते या दोन याद्यांच्या फरकात असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. काम झाल्यावर ती ओळ काढून टाकायला विसरू नका.

उपाय दोन आहेत. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचा आणि प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता मुळापासून लिहिणे, हा पहिला. फायलींच्या बाबतीत तो टाळताच येत नाही, कारण क्रॉन काम सुरू करतो ते खात्याच्या मूळ फोल्डरमधून. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे तेथून नव्हे. त्यामुळे नुसते ‘प्रती/आजची’ असे लिहिले असेल तर ते भलत्याच ठिकाणी शोधले जाते. दुसरा उपाय म्हणजे क्रॉनटॅबच्या वरच्या भागात पाथची ओळ स्वतः लिहिणे. मात्र तेथे ‘जुन्या पाथमध्ये आणखी एक जागा जोड’ असे चलाच्या (नाव देऊन साठवलेल्या मूल्याच्या) साहाय्याने लिहिता येत नाही, कारण त्या ओळीतील चलांचा अर्थ क्रॉन लावत नाही. संपूर्ण यादी अक्षरशः लिहावी लागते. मराठी शीर्षके हाताळणाऱ्यांनी त्याच जागी भाषा ठरवणारे ‘लँग’ हे चलही यूटीएफ-८ वर (देवनागरीसह सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेतावर) ठरवून घ्यावे. भाषेची मांडणी प्रत्येक संगणकावर क्रॉनपर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि न पोहोचल्यास काही कार्यक्रम देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे छापतात किंवा यादीचा क्रम बदलतात.

तुमच्या पत्रासोबतची ओळ पाहिल्यावर आणखी एक कारण स्पष्ट दिसले. प्रतीच्या नावात त्या दिवसाची तारीख यावी म्हणून तुम्ही क्रॉनटॅबच्या ओळीतच ‘डेट’ ही आज्ञा टक्क्याच्या चिन्हासह लिहिली आहे. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे : तेथे ओळ तुटते आणि पहिल्या चिन्हानंतरचा सगळा मजकूर आज्ञेचा भाग न राहता आज्ञेला दिलेली माहिती समजला जातो. म्हणून तुमची आज्ञा ‘डेट’नंतरच्या अधिक चिन्हापाशीच अर्धवट तुटते आणि शेलला तिचा कंस कोठे बंद होतो हे सापडत नाही. चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की हे थांबते. पण माझे मत असे की तारखेचे काम स्क्रिप्टच्या आत न्यावे, जेथे या चिन्हाची अडचण मुळीच येत नाही, आणि क्रॉनटॅबची ओळ वेळ व एक पूर्ण पत्ता एवढ्यापुरतीच ठेवावी. वेळापत्रक वाचणाऱ्या पुढच्या माणसालाही ते समजते.

चूक कळत नाही, असे तुम्ही म्हणता. क्रॉन आज्ञेचे जे काही उत्पादन असेल ते त्या खात्याला ईमेलने पाठवतो, परंतु घरगुती किंवा लहान कार्यालयातील संगणकावर टपाल पाठवणारी व्यवस्था सहसा बसवलेली नसते. अशा वेळी डेबियनच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) ‘टपाल व्यवस्था नाही, उत्पादन टाकून दिले’ अशा अर्थाची एक ओळ उमटते आणि चुकीचा संदेश कायमचा जातो. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी साधे उत्पादन आणि चुकांचे उत्पादन दोन्ही एकाच नोंद-फाइलला जोडावे. नोंद-फाइल जोडल्यावर तुमच्या अडचणीचे नाव तुम्हाला पहिल्याच रात्री लिहिलेले सापडेल.

प्रश्न : एका नियतकालिकात वाचून रोज चालवायच्या फायलींच्या ‘क्रॉन.डेली’ या फोल्डरमध्ये ‘बॅकअप.एसएच’ ही फाइल ठेवली, तिला चालण्याची परवानगीही दिली. ती कधीच चालत नाही. — वाचक, म्हापसा

उत्तर : फाइलच्या नावातील टिंब काढा. त्या फोल्डरमधील फायली चालवणारा ‘रन-पार्ट्स’ हा कार्यक्रम डेबियन आणि उबुंटूवर फक्त अक्षरे, अंक, आडवी रेघ व अधोरेघ असलेली नावे स्वीकारतो आणि इतर नावे काही न बोलता वगळतो. नुसते ‘बॅकअप’ असे नाव दिले की काम होईल. खात्री करायची असेल तर रन-पार्ट्सला ‘टेस्ट’ हा पर्याय देऊन चालवा. तो काहीही सुरू न करता काय काय सुरू केले असते याची यादी दाखवतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारात मुलांनी पर्जन्यमापक बसवला आहे आणि तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांच्या पावसाची नोंद व्हावी अशी क्रॉनटॅबची ओळ लिहिली, पण नोंदी दुपारी दोन वाजता होतात. शिवाय पावसाळ्यात इकडे वीज वरचेवर जाते आणि त्या दिवसांच्या नोंदी राहून जातात. राहिलेली नोंद वीज आल्यावर आपोआप करून घेता येईल का? — शिक्षिका, वाळपई

उत्तर : सत्तरी तालुक्यातल्या पावसाची शाळेतल्या मुलांनी ठेवलेली नोंद ही जपण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो.

साडेआठची वेळ तुम्ही योग्यच निवडली आहे. भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतो, आणि तुमच्या नोंदी त्याच्या आकड्यांशी ताडून पाहायच्या तर हीच वेळ हवी. नोंद दुपारी दोन वाजता होते याचा अर्थ तुमच्या यंत्राचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर आहे. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तेथील साडेआठ म्हणजे येथील दुपारचे दोन. ओळीत साडेआठच्या जागी तीन वाजताची वेळ घातली तर आजची अडचण सुटेल, पण तसे करू नका, असे मी सुचवेन. वजाबाकी करून लिहिलेल्या वेळा नंतर कोणाला कळत नाहीत, आणि पहाटेच्या कामांत त्या तारीख व वारही बदलतात : येथील रविवारची पहाटेची अडीचची वेळ यूटीसीत शनिवारी रात्री नऊची असते, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पहाटे दोन वाजता करायचे काम तेथे आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी येते, जो कधी २८, कधी ३१ असतो. त्यापेक्षा ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने यंत्राचा कालविभाग आशिया/कोलकाता असा ठरवा आणि क्रॉन एकदा पुन्हा सुरू करा. घड्याळ ऋतूनुसार मागेपुढे करण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे, वर्षातून एक तास गळण्याची किंवा दोनदा येण्याची जी अडचण युरोपातल्या लोकांना सोसावी लागते, ती आपल्याला येत नाही.

विजेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. यंत्र बंद असताना जी वेळ निघून गेली ती क्रॉनच्या दृष्टीने गेलीच. चालू झाल्यावर तो मागे वळून पाहत नाही. ‘ॲनाक्रॉन’ नावाची जोडव्यवस्था राहिलेली रोजची किंवा आठवड्याची कामे यंत्र सुरू झाल्यावर उरकून घेते आणि प्रती काढण्यासारख्या कामांना ती अगदी योग्य आहे. तुमच्या कामाला मात्र ती लावू नये. सकाळी साडेआठला करायची नोंद अकरा वाजता केली आणि ती साडेआठची म्हणून लिहिली, तर मधल्या अडीच तासांचा पाऊस चुकीच्या दिवसात जातो. जून-जुलैतल्या सत्तरीत अडीच तासांचा पाऊस काही थोडा नसतो. राहिलेल्या नोंदीपेक्षा चुकीची नोंद अधिक नुकसान करते, कारण ती चुकीची आहे हे कोणाला दिसत नाही.

यापेक्षा कामाची विभागणीच वेगळी करा. तुमचा मापक उलटणाऱ्या पात्राचा आहे असे पत्रावरून दिसते, म्हणजे ठरावीक पाऊस साठला की पात्र उलटते आणि एक विद्युत-ठोका मिळतो. हे ठोके मोजणे हे सतत चालणारे काम आहे, ते क्रॉनचे नव्हे. त्यासाठी एक छोटा कार्यक्रम कायम चालू ठेवून प्रत्येक ठोका त्याच्या वेळेसह लगेच फाइलमध्ये लिहून घ्यावा. मग साडेआठच्या क्रॉनला फक्त बेरीज करायची उरते, आणि ती बेरीज उशिरा झाली तरी बिघडत नाही, कारण ठोक्यांच्या वेळा आधीच लिहिलेल्या आहेत. यंत्र बंद असतानाचे ठोके मात्र हरवतीलच. त्यासाठी यंत्राला बॅटरीची जोड द्या आणि तरीही खंड पडला तर त्या दिवसाच्या नोंदीपुढे ‘अपूर्ण’ असे मुलांना स्पष्ट लिहायला सांगा.

आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागेल. पाचव्या पिढीच्या आधीच्या रास्पबेरी पायमध्ये वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नसते, आणि पाचव्या पिढीतही त्यासाठी बॅटरी वेगळी लावावी लागते. त्यामुळे यंत्र सुरू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत ते बंद पडण्याच्या सुमाराची जुनीच वेळ धरून बसते. वीज आली पण इंटरनेट आले नाही, अशा तासांतले ठोके चुकीच्या वेळेने लिहिले जातात. घड्याळाची एक छोटी चिप आणि नाण्याएवढी बॅटरी स्वस्तात मिळते. ती बसवणे हाच यावरचा खरा उपाय.

प्रश्न : दिवाडी बेटावर आमचे खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेले शेत, आहे. मानशीजवळ (बांधातील पाण्याच्या दारांजवळ) पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवले असून भरतीच्या आणि ओहोटीच्या टोकाला नोंद व्हावी अशी इच्छा आहे. भरतीची वेळ पाहून दर बारा तासांनी चालणारी ओळ लिहिली. दोन-तीन दिवस ठीक गेले, आठवड्याने ती भरतीऐवजी ओहोटीच्या सुमाराला चालू लागली. क्रॉनमध्ये ही वेळ कशी लिहावी? — शेतकरी वाचक, दिवाडी

उत्तर : ती लिहिता येत नाही. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या मागे चालते, आणि चंद्र आकाशात त्याच जागी परत यायला साधारण २४ तास ५० मिनिटे घेतो. म्हणून एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते आणि रोजची वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक सहा तासांच्या आसपास पोहोचतो, म्हणजे भरतीच्या वेळी ओहोटी. क्रॉनचे पाचही रकाने सूर्याच्या दिवसाचे आणि इंग्रजी दिनदर्शिकेचे आहेत. १२ तास २५ मिनिटे हा काळ त्यांपैकी कशातही नीट बसत नाही. एका देवस्थानाच्या कार्यकर्त्यांनी याच महिन्यात विचारले आहे की प्रत्येक एकादशीच्या आदल्या संध्याकाळी भक्तांना संदेश पाठवण्याची ओळ कशी लिहावी. त्यांनाही हेच उत्तर लागू पडते, कारण तिथीही चंद्रावरच ठरते.

अशा कामांत वेळेचा निर्णय क्रॉनकडून काढून स्क्रिप्टकडे द्यायचा असतो. देवस्थानाचे काम सोपे आहे : वर्षभराच्या एकादशींच्या तारखा पंचांगातून पाहून एका साध्या फाइलमध्ये लिहाव्यात, स्क्रिप्ट रोज संध्याकाळी चालवावी, आणि उद्याची तारीख त्या फाइलमध्ये असेल तरच तिने संदेश पाठवावा, नाहीतर काही न करता संपावे. वर्षातील बहुतेक संध्याकाळी ती काहीच करणार नाही, आणि त्यात काही वावगे नाही.

खाजनासाठीही हाच मार्ग घेता येईल. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुरगाव बंदराच्या वेळा असतात. रोज मध्यरात्रीनंतर एक स्क्रिप्ट त्या दिवसाच्या वेळा वाचील आणि ‘ॲट’ या आज्ञेकडे एकेक काम सोपवील. ‘ॲट’ हे काम ठरलेल्या क्षणी एकदाच करते. पण तुमच्या कामासाठी मी हा मार्ग निवडणार नाही. कोष्टकातील वेळ बंदराची आहे. भरतीचे पाणी मांडवी नदीतून दिवाडीपर्यंत चढून यायला आणखी वेळ लागतो, आणि पावसाळ्यात वरून येणाऱ्या पुराने पातळी कोष्टकापेक्षा कितीतरी वेगळी होते. शिवाय मानशीची दारे चढत्या पाण्याच्या दाबाने मिटतात व उतरत्या पाण्याने उघडतात, त्यामुळे बांधाच्या आतले पाणी नदीच्या पाण्याप्रमाणे सरळ वरखाली होत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते हेच.

तेव्हा भरतीचा अंदाज बांधून तिला गाठायला जाऊ नका. मिनिटाच्या रकान्यात ‘*/१०’ लिहून दर दहा मिनिटांनी पातळी मोजा. दिवसाच्या १४४ नोंदी होतील, त्यांची फाइल वर्षभरातही लहानच राहील, आणि सर्वांत वरची व सर्वांत खालची पातळी कोणत्या वेळी आली हे रात्री दुसरी स्क्रिप्ट शोधून काढील. शक्य असल्यास बांधाच्या दोन्ही बाजूंना एकेक मापक ठेवा. दार नीट मिटत नसेल, खालून पाणी झिरपत असेल, तर दोन्ही रेषा एकमेकींजवळ सरकू लागतील आणि खारे पाणी शेतात शिरण्याच्या आधी ते तुमच्या ध्यानात येईल.

प्रश्न : महिन्याच्या पहिल्या सोमवारी अहवाल पाठवायचा आहे. तारखेच्या रकान्यात ‘१-७’ आणि वाराच्या रकान्यात ‘१’ (म्हणजे सोमवार) लिहिले, तर अहवाल महिन्यात नऊ-दहा वेळा जादा जातो. तसेच ‘*/४०’ लिहूनही काम दर चाळीस मिनिटांनी होत नाही. — विद्यार्थी, मडगाव

उत्तर : तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरलेले असतील तर क्रॉन दोन्ही जुळण्याची वाट पाहत नाही, दोहोंपैकी एक जुळले तरी तो काम करतो. तुमची ओळ १ ते ७ या सर्व तारखांना आणि शिवाय प्रत्येक सोमवारी चालते. वाराच्या रकान्यात तारा ठेवा आणि ‘आज सोमवार आहे का’ हे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तपासा. महिन्याच्या अखेरच्या दिवशी काम करायचे असेल तेव्हाही असेच करावे : २८ ते ३१ या तारखांना स्क्रिप्ट चालवून ‘उद्या पहिली तारीख आहे का’ असे तिला विचारायला लावावे.

‘*/४०’ चा अर्थ प्रत्येक तासाच्या शून्य आणि चाळिसाव्या मिनिटाला असा होतो, कारण मोजणी दर तासाला नव्याने सुरू होते. साठाला पूर्ण भाग जाणारी संख्याच तेथे सारखे अंतर देते.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत शाखांकडून आलेल्या फायली दर पाच मिनिटांनी मुख्य नोंदीत घेतल्या जातात. महिनाअखेरीस काम वाढले की काही नोंदी दोनदा चढतात. आणि रात्रीची प्रत निघाली की नाही, हे रोज सकाळी हाताने पाहावे लागते. ते टाळता येईल का? — व्यवस्थापक, पणजी

उत्तर : महिनाअखेरीस एका फेरीला पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागतो, क्रॉन पाच मिनिटे होताच दुसरी फेरी सुरू करतो, आणि दोघी मिळून त्याच फायली उचलतात. आधीचे काम चालू आहे का, हे क्रॉन तपासत नाही. यासाठी ‘फ्लॉक’ ही आज्ञा आहे. क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टच्या आधी फ्लॉक, ‘-एन’ हा पर्याय आणि एका कुलूप-फाइलचा पत्ता लिहिला की पहिली फेरी संपेपर्यंत दुसरी सुरूच होत नाही, ती मुकाट परत जाते. काहीजण स्क्रिप्टमध्येच एक खूण-फाइल तयार करून शेवटी पुसतात. ती पद्धत मला धोक्याची वाटते, कारण मध्येच वीज गेली तर खूण तशीच राहते आणि काम त्यानंतर कधीच सुरू होत नाही. फ्लॉकचे कुलूप प्रक्रिया संपताच, ती कशीही संपली तरी, सुटते.

तरीही पैशांच्या नोंदींची भिस्त केवळ कुलपावर ठेवू नये. प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक असावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसनेच तो नाकारावा. एकच काम दोनदा चालले तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे, ही अट ज्या स्क्रिप्टला पाळता येत नाही ती क्रॉनच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न या सगळ्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपयशाचा संदेश पाठवण्याची व्यवस्था बहुतेक जण करतात. पण यंत्रच बंद असेल, क्रॉन थांबला असेल किंवा कोणी ती ओळ काढून टाकली असेल तर अपयशाचा संदेश पाठवणार कोण? म्हणून संदेश यशाचा घ्यावा आणि तो न आल्याची दखल दुसऱ्या ठिकाणाने घ्यावी. तुमच्या रात्रीच्या स्क्रिप्टने सर्व काम बिनचूक झाल्यावरच, अगदी शेवटच्या ओळीत, दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्या वेळेची खूण करावी. तो दुसरा संगणक दर सकाळी सात वाजता पाहील की शेवटची खूण चोवीस तासांपेक्षा जुनी आहे का, आणि असेल तरच तुम्हाला कळवील.

‘सर्व काम बिनचूक झाले’ हे कशावरून ठरवायचे, याकडे नीट लक्ष द्या. डिस्क भरलेली असेल किंवा संकेतशब्द बदललेला असेल, तर प्रतीची फाइल तयार होते, तिचे नाव आणि तारीख बरोबर असते, आणि आत काहीच नसते. फाइल आहे एवढे पाहून खूण करणारी स्क्रिप्ट अशा वेळी रोज यश कळवत राहते. निदान तिचा आकार कालच्या प्रतीच्या जवळपास आहे का ते तपासावे, आणि महिन्यातून एकदा ती प्रत वेगळ्या यंत्रावर उघडून अखेरच्या दिवसाचे चार व्यवहार ताडून पाहावेत. हे शेवटचे काम माणसानेच करायचे आहे.

प्रश्न : हल्ली ‘सिस्टमडी’चे (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे) टायमर वापरावेत, क्रॉन जुना झाला, असे वाचनात येते. — वाचक, डिचोली

उत्तर : टायमरमध्ये काही सोयी खरोखर चांगल्या आहेत. यंत्र बंद असताना राहिलेले काम सुरू होताच करून घेता येते, प्रत्येक कामाचे उत्पादन आपोआप नोंदवहीत जाते, पुढची वेळ कोणती याची यादी एका आज्ञेत दिसते, आणि एक फेरी चालू असताना त्याच कामाची दुसरी फेरी सुरू होत नाही. त्याबदली एका ओळीच्या जागी दोन फायली लिहाव्या लागतात. नवे आणि महत्त्वाचे काम असेल तर मी टायमर निवडीन. चालू असलेले क्रॉनटॅब केवळ जुने म्हणून मोडणार नाही.

प्रश्न : वेळापत्रक बदलायला गेलो आणि ‘क्रॉनटॅब’ या आज्ञेपुढे ‘-ई’च्या जागी ‘-आर’ टाइप झाले. सगळ्या ओळी गेल्या. परत मिळतील का? — वाचक, कुडचडे

उत्तर : ही दोन अक्षरे कळफलकावर शेजारी आहेत, आणि ‘-आर’ने सगळे वेळापत्रक पुसताना सहसा काही विचारले जात नाही. क्रॉनटॅबची प्रत तुमच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये असेल तर प्रश्न मिटला. डेबियनवर ती ‘/व्हार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्स’ येथे असते. नसेल तरी धीर सोडू नका. क्रॉन प्रत्येक वेळी काम सुरू करताना ती आज्ञा आणि वेळ नोंदवहीत लिहितो. ‘जर्नलसीटीएल’ला क्रॉनच्या नोंदी मागा, किंवा जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ‘सिसलॉग’ या फाइलमध्ये शोधा. गेल्या काही आठवड्यांत जे जे चालले ते पूर्ण आज्ञेसह सापडेल, आणि ते कोणकोणत्या वेळी चालले यावरून पहिले पाच रकानेही पुन्हा लिहिता येतील. महिन्यातून किंवा वर्षातून एकदा चालणारी कामे तेवढी आठवून लिहावी लागतील, म्हणून नोंदवहीचे जुने भाग पुसले जाण्याआधी आजच हे करा. यापुढे वेळापत्रक एका साध्या फाइलमध्ये लिहीत जा आणि क्रॉनटॅबला त्या फाइलचे नाव देऊन ते चढवत जा. मग ‘-आर’ चुकून टाइप झाले तरी मूळ फाइल तुमच्याजवळच राहील.